बॉक्सएन वाघिणी आणि डब्ल्यूडीएम-३ए: मॉडेलवरचा मळ नेमका कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा: एच-ओ म्हणजे १:८७ स्केलमध्ये एक डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन आणि दहा बॉक्सएन (वरून उघड्या मालवाहू) वाघिणी आहेत. दहाही एकसारख्या आणि प्लास्टिकसारख्या चकाकतात. काळ्या रंगाचा पातळ वॉश फासून पाहिला, तर वाघिणी जुन्या दिसायच्या ऐवजी नुसत्या मळकट दिसल्या. सुटे भाग कोणते लावावेत, रंगाचे थर कोणत्या क्रमाने द्यावेत, आणि एअरब्रश नसेल तर भागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाघिणींचं एअरब्रशशिवाय आरामात भागतं. इंजिनाचं छत आणि खालचा भाग मात्र ब्रशने तितका मऊ उतरत नाही. तिथे पेस्टलची भुकटी बरीच वेळ मारून नेते, पण पूर्ण नाही.

काळा वॉश फसला याची कारणं दोन आहेत. एक, तो मॅट पृष्ठभागावर दिलेला असणार. मॅट थर सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, रंग तिथेच शोषून धरतो आणि पुसला तरी डाग राहतो. वॉश फटीत जाऊन बसायला खाली चकचकीत थर लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: वॉश सगळीकडे सारखा बसतो, खरा मळ तसा कधीच बसत नाही. प्रत्येक डागाला उगम असतो आणि दिशा असते. पाणी वरून खाली वाहतं, ब्रेकची धूळ चाकापासून वर उडते, कोळसा काठावरून सांडतो, धूर छतावर बसतो. ब्रश टेकवण्याआधी त्या ठिकाणी काय येतं आणि कुठून येतं, हे सांगता आलं नाही तर तिथे ब्रश टेकवू नये.

म्हणून आधी वाघिणीला काम ठरवून द्या. चंद्रपूरच्या खाणींतून परळी, कोराडी किंवा भुसावळजवळच्या दीपनगरला जाणारा कोळशाचा रेक (वाघिणींची अख्खी गाडी) आणि होस्पेट-बळ्ळारीकडून लोहखनिज घेऊन मुरगावला उतरणारा रेक, दोन्हींत वाघीण बॉक्सएनच, पण रंग वेगळा. पहिलीवर काळपट-करडी भुकटी, दुसरीवर विटेसारखा लाल थर, तोही अक्षरांवरसुद्धा. कोकणातल्या जांभ्याच्या कटिंगमधून जाणाऱ्या गाडीच्या खालच्या भागावर तांबूस धूळ बसते, देशावर करडी-तपकिरी. हे एकदा ठरलं की कोणत्या बाटल्या उघडायच्या हा प्रश्न उरत नाही.

वयही ठरवा. भारतीय वाघिणीचा क्रमांक अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. डिकालवर (मॉडेलवर चिकटवलेल्या छापील अक्षरांत) पाचवा-सहावा आकडा १८ असेल, तर ती वाघीण २०१८ ची. तिला पत्रा कुजल्यासारखा गंज दिला, तर जाणकाराला लगेच खटकतं. पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि परतीची तारीखही अंगावर स्टेन्सिल केलेली असते. नुकता पीओएच झालेली वाघीण जुनी असूनही रंगाने ताजी दिसते, खालचा भाग तेवढा मळलेला. शिवाय तुमचं मॉडेल साधं बॉक्सएन आहे की बॉक्सएनएचएल तेही बघा. एचएलचं अंग स्टेनलेस स्टीलचं असतं, त्यावर सरसकट नारिंगी गंज विसंगत दिसतो.

आता सुटे भाग. ते आधीच लावायचे, कारण मळ त्यांच्यावरही बसायला हवा. १:८७ ला खऱ्यावरचे ८७ मिलिमीटर म्हणजे मॉडेलवर १ मिलिमीटर. कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या हँडरेल बहुतेक वेळा ०.७-०.८ मिमी जाड असतात, म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ मनगटाएवढा पाइप. त्या खरवडून काढा आणि ०.४ मिमीची फॉस्फर ब्राँझ तार लावा. वाघिणीच्या पकडदांड्यांना ०.३ मिमी पुरते. तिच्यासाठी पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) ०.३५ मिमीचं भोक पाडा, तार मागून २ मिमी बाहेर येऊ द्या आणि आतून सायनोअॅक्रिलेटचा (फेविक्विकसारख्या गोंदाचा) अगदी छोटा थेंब द्या. हा गोंद केबिनच्या काचेजवळ वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, ती निघत नाही. काचा शेवटी, पीव्हीए म्हणजे फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने लावा.

बॉक्सएनला बाजूचे बफर नसतात, फक्त मध्यभागी सीबीसी, म्हणजे मधला कपलर असतो. मॉडेलला मोठं हुकाचं कपलिंग असेल तर ते बदलून नकल कपलर बसवा, केडी कंपनीचा ५८ क्रमांकाचा आकाराने बराच जवळ जातो. एअरब्रेकचे होज ०.५ मिमीच्या तारेने करा: ब्रेक पाइपचा अँगल कॉक हिरवा, फीड पाइपचा पांढरा. एवढ्या दोन ठिपक्यांनी वाघिणीचं टोक एकदम जिवंत होतं, आणि नेमके हेच ठिपके लोक विसरतात.

बॉडी थ्रीडी प्रिंट केलेली असेल तर आणखी एक काम. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन, पूर्ण वाळवून, ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरने ओलं घासा आणि प्रायमर मारा. छपाईच्या थरांच्या रेघा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. वॉश दिला की त्या एकेक करून उठून दिसतात आणि मग मागे जाता येत नाही.

साध्या प्लास्टिकच्या मॉडेलला भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुणं पुरेसं आहे. बोगीचे साइडफ्रेम बऱ्याचदा अॅसिटलसारख्या निसरड्या प्लास्टिकचे असतात. त्यांवर प्लास्टिक प्रायमर नसेल तर रंग नखाने सोलून येतो. थिनरबद्दल एकच सूचना: हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर पॉलिस्टायरीन वितळवतो, तो टेबलावरही ठेवू नका. टामियाच्या अॅक्रिलिकला त्यांचाच एक्स-२०ए थिनर, तैलरंगाला वासरहित व्हाइट स्पिरिट.

थरांचा क्रम हा या सगळ्याचा कणा आहे. खाली अॅक्रिलिक, वर तैलरंग, सर्वांत वर भुकटी. प्रत्येक वरच्या थराचं द्रावक खालच्या थराला विरघळवत नाही, म्हणून चुकलं तर तेवढाच थर पुसता येतो. उलट केलं तर सगळंच एकत्र निघतं.

पहिला थर फिकेपणाचा. उन्हाने रंग विटतो, शिवाय एक फुटावरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे जवळजवळ ८७ फुटांवरून पाहिलेली वाघीण, आणि त्या अंतरावर रंग मुळातच फिका दिसतो. बॉक्सएनच्या तांबड्या-तपकिरी अंगावर टामियाच्या एक्सएफ-६४ (लाल-तपकिरी) मध्ये सुमारे १५ टक्के एक्सएफ-५७ (फिकट बदामी) मिसळा, हे एका भागाला नऊ भाग थिनर घालून पातळ करा आणि १५ पीएसआयला, ८-१० सेंमीवरून पॅनेलच्या मधोमध फवारा. उभ्या पट्ट्यांच्या कडेला मूळ गडद रंग राहू द्या. एअरब्रश नसेल तर हेच काम नंतर तैलरंगाच्या ठिपक्यांनी होतं. या टप्प्याला अक्षरंही थोडी मंद होतात, तेच हवं आहे.

मग एक्स-२२ या पारदर्शक वार्निशचा चकचकीत थर, डिकाल बदलायचे असतील तर या टप्प्यावर, पुन्हा एक पातळ थर, आणि २४ तास थांबा. पावसाळ्यात ४८. हात लावून कोरडं वाटतं तेव्हा थर आतून कोरडा झालेला नसतो, आणि व्हाइट स्पिरिट तिथे सुरकुत्या आणतं.

वॉशसाठी महागड्या तयार बाटल्यांची गरज नाही. कॅम्लिनचे विद्यार्थ्यांसाठीचे तैलरंग चालतात: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि लॅम्प ब्लॅक. ट्यूबमधला रंग पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. हे केलं नाही तर डाग आठवडाभर ओले आणि नंतरही तुकतुकीत राहतात. बर्न्ट अंबर दोन भाग, लॅम्प ब्लॅक एक भाग, आणि चहाच्या पाण्याइतकं पातळ होईल तेवढं स्पिरिट. हे अंगभर फासायचं नाही. शून्य नंबरच्या ब्रशचं टोक उभ्या पट्टीच्या मुळाशी टेकवा, रंग आपोआप फटीतून धावतो. वीस मिनिटांनी जवळपास कोरडा, चपटा ब्रश वरून खाली ओढून जास्तीचा उचला.

ओघळ वेगळे. बॉक्सएनच्या बाजूवर ओघळ सुरू होतात ते वरच्या काठापासून आणि दारांच्या फटींपासून. सुईच्या टोकाएवढा बर्न्ट सिएनाचा ठिपका ठेवा, पाच मिनिटं थांबा आणि स्पिरिटने जेमतेम ओल्या केलेल्या ब्रशने खाली ओढा. १ मिमी रुंद ओघळ म्हणजे खऱ्यावर तळहाताएवढा पट्टा, म्हणजे जाडच. एका बाजूला सात-आठ ओघळ पुष्कळ झाले, आणि त्यांची लांबी एकसारखी नको.

गंजाचं रंगभान बहुतेकांचं चुकतं. नारिंगी गंज म्हणजे ताजा गंज, उघड्या पत्र्यावर पाऊस पडून गेल्यावरचा. जुना गंज गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी असतो. म्हणून आधी एक्सएफ-१० (मॅट तपकिरी) चे टवके स्पंजने उठवा आणि नारिंगी फक्त त्यांच्या मध्यावर, अगदी एखाद्या ठिकाणी. स्पंज म्हणजे पॅकिंगच्या फोमचा तुकडा. रंगात बुडवून कागदावर इतका झटका की जवळजवळ काहीच उठत नाही, मग मॉडेलला लावा. कुठे लावायचं ते उतरवण्याची पद्धत सांगते. वीजकेंद्रात वाघीण टिपलरवर (वाघीण उलटवणाऱ्या यंत्रावर) आडवी केली जाते, तेव्हा वरच्या काठाला क्लॅम्प धरतात. त्यामुळे काठाचा रंग गेलेला आणि काठ जागोजाग चेपलेला असतो. जिथे जेसीबीने रिकामी करतात तिथे बकेटचे धक्के आतून बसतात आणि पत्र्याला बाहेर फुगवटे येतात. हे फुगवटे करायचे तर पातळ प्लास्टिकच्या बाजूला आतून गरम चमच्याची पाठ हलकेच दाबतात. मात्र आधी भंगारातल्या बॉडीवर सराव हवा, दोन सेकंद जास्त झाले की भोक पडतं.

आतला भाग हा बॉक्सएनचा सर्वांत दिसणारा भाग आहे, कारण मॉडेल आपण वरून बघतो. तरीही तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. आत मूळ रंग फारसा उरतच नाही. एक्सएफ-१० आणि एक्सएफ-६४ अनियमित ठिपक्यांनी द्या, वाळल्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके थर, मग पातळ केलेला मूळ अंगाचा रंग. अर्ध्या तासात पाण्याने ओल्या ताठ ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग तुकड्यांनी सुटतो. वरचा रंग लॅकर थिनरने पातळ केलेला असेल तर हे चालत नाही, तो हेअरस्प्रेला चावून पक्का बसतो. दोन तृतीयांश उंचीपर्यंत रंग जवळपास सगळा काढा, वर थोडा ठेवा. कोपऱ्यांत काळी भुकटी साचलेली असते, आणि तळाचा मधला भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा.

बोग्यांकडे वळू. बॉक्सएनच्या कासनब प्रकारच्या बोगीला कार्ट्रिज टेपर्ड रोलर बेअरिंग असतात, म्हणजे बंदिस्त. जुन्या साध्या बेअरिंगच्या चारचाकी वाघिणींच्या अॅक्सलबॉक्सवर तेलाचे काळे ओघळ शोभतात, बॉक्सएनवर ते देऊ नका. इथे मळ कोरडा असतो: ब्रेकची आणि गिट्टीची धूळ. एक्सएफ-६४ आणि एक्सएफ-६९ (मंद काळा) समप्रमाणात घेऊन खालच्या बाजूने, वर तोंड करून फवारा, कारण धूळ तिकडूनच येते. मग स्प्रिंगांच्या मधल्या पोकळीत काळा वॉश. चाकाचा दर्शनी भाग तपकिरी, पण रुळावर घासणारी कड उघडी चकचकीत.

इंजिनाचं गणित वेगळं, कारण तिथे तेल आहे. डब्ल्यूडीएम-३ए मधलं आल्को इंजिन टर्बो वेग घेईपर्यंत काळा धूर सोडतं, त्यामुळे चिमणीभोवतीचं छत काजळलेलं असतं. काजळी म्हणजे निव्वळ काळा रंग नव्हे. एक्सएफ-६९ मध्ये निम्मं एक्सएफ-१० घाला, नाहीतर छतावर भोक पडल्यासारखं दिसतं. हे इंजिन शॉर्ट हूड आणि लाँग हूड (केबिनच्या पुढचा-मागचा आखूड आणि लांब भाग) दोन्ही बाजूंनी धावतं, म्हणून काजळी चिमणीच्या एकाच बाजूला ओढू नका. हूडच्या बाजूंवर ती खाली उतरते तेव्हा पावसाने तिच्या रेषा झालेल्या असतात. रेडिएटरच्या जाळीखाली पाणी गळून वाळल्याचे पांढुरके ओघळ येतात: फिकट करडा तैलरंग, फार थोडा.

डिझेल टाकीच्या तोंडाखाली मात्र मळ ओला दिसायला हवा. आधी मॅट धूळ, तिच्यावर एक्स-१९ स्मोक या धुरकट पारदर्शक रंगात कणभर लॅम्प ब्लॅक मिसळून दोन-तीन ओघळ, आणि त्यावर वार्निश नाही. मॅट धुळीच्या शेजारी हा ओलसर चकाकणारा पट्टा आला की टाकी खरी वाटते. वाळूच्या नळ्यांशी, चाकाच्या पुढे, फिकट वाळूचा शिडकावा. केबिनच्या दारापाशी पायऱ्यांचा मध्य आणि हँडरेलचा हाताच्या उंचीवरचा भाग पेन्सिलीच्या शिशाने घासा. समोरच्या काचेवर वायपरच्या कमानीच्या आकाराची मास्किंग टेप लावून मग धूळ फवारा. टेप काढली की पुसलेली काच तयार.

इंजिनाची चाकं रंगवताना ती फिरत असली पाहिजेत, नाहीतर बोगीमागे लपलेला भाग कोरा राहतो आणि पहिल्याच फेरीत पांढरे डाग फिरताना दिसतात. डीसी मॉडेलला ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा टेकवून चालतं, डिजिटल नियंत्रणाचा डिकोडर असेल तर नेहमीच्याच कंट्रोलरवर. रंग ओला असतानाच चाकाची कड आयपीएच्या कापसाच्या काडीने पुसा.

भुकटीचा थर सर्वांत शेवटी. सॉफ्ट पेस्टलची कांडी ४०० नंबरच्या पेपरवर घासली की हवी तेवढी भुकटी मिळते. मॅट थरावरच ती धरते, चकचकीत थरावरून घसरते. म्हणून आधी मॅट वार्निश, मग भुकटी, मग हवं असेल तर ४० सेंमीवरून धुक्याइतकं हलकं वार्निश. या शेवटच्या वार्निशने भुकटीचा निम्मा परिणाम विरतो, हे गृहीत धरून ती थोडी जास्त घ्या. ज्या मॉडेलला फक्त कपलरला धरून हाताळायचं, त्याला हे वार्निश नाही दिलं तरी चालतं, आणि ते जास्त छान दिसतं. काळ्या लोह ऑक्साइडची भुकटी इंजिनाच्या खालच्या भागात वापरू नका. ती चुंबकीय असते आणि मोटरमध्ये शिरून चुंबकाला चिकटते.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर वार्निशचा कॅन हा मोठा शत्रू आहे. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि मॉडेलवर दुधाळ पडदा येतो. पाऊस कोसळत असताना फवारू नका. एसीची खोली किंवा कोरडी दुपार बघा, कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळत्या नाही. पडदा आलाच तर कोरड्या दिवशी तेच वार्निश पुन्हा हलकं फवारल्यावर बहुधा तो विरतो.

कोळशाचा भार काढता-घालता येईल असा करा. फोमचा तुकडा आतल्या मापाने कापा, काळा रंगवा आणि ०.६ ते १.२ मिमीच्या चाळणीतला खरा कोळसा पीव्हीए आणि पाणी समप्रमाणात, साबणाचा थेंब घालून चिकटवा. १.२ मिमीचा कण म्हणजे खऱ्यावर दहा सेंमीचा ढेकूळ. चोरी कळावी म्हणून भरलेल्या कोळशावर चुन्याचे पांढरे पट्टे मारतात, ते पातळ पांढऱ्या रंगाने तुटक द्या. वजनही बघा: बॉक्सएन १०.७१ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १२३ मिमी, आणि एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे त्याला साधारण ९७ ग्रॅम हवेत. शिसं किंवा नट तळाशी चिकटवा, भारात नको, नाहीतर वळणावर वाघीण डुलते.

दहा वाघिणी एकाच दिवशी, एकाच हाताने केल्या की त्या पुन्हा एकसारख्याच होतात, फक्त मळक्या. दोन नुकत्या पीओएच झालेल्या, पाच मध्यम, दोन चांगल्या झिजलेल्या, आणि एकीचं दार बदललेलं, वेगळ्या तांबड्या छटेचं. शेवटी पांढऱ्या टोकदार पेन्सिलीने तीन-चार वाघिणींवर टीएक्सआरच्या (गाडी तपासनिसाच्या) खडूच्या खुणा करा. वाचता येतील अशी अक्षरं नकोत, गिचमीडच.

डब्यात ठेवताना फोम किंवा बबल रॅप थेट अंगाला लागू देऊ नका. फोम भुकटी पुसून नेतो, आणि बबल रॅपचे गोल ठसे मॅट वार्निशवर उन्हाळ्यात कायमचे उमटतात. बटर पेपरात गुंडाळा, आणि पहिल्या पाच-सहा फेऱ्यांनंतर रूळ आणि इंजिनाची चाकं आयपीएने पुसा. सैल राहिलेली भुकटी तेवढ्यात खाली येते आणि करंट तोडते.